आकुंचनाची पट्टी

उचगाव म्हटले की कोल्हापूरकर वाचकांना करवीर तालुक्यातले, हमरस्त्याजवळचे उचगावच आठवणार. मी राहतो ते उचगाव ते नव्हे. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की हिंडलगा मागे पडते, सुळगा मागे पडते आणि मग एक फाटा येतो. त्या फाट्याने आत वळले की आमचे गाव. पंचक्रोशीत ते मळेकरणी देवीच्या आमराईमुळे माहीत आहे आणि जरा लांबच्या लोकांना दर वर्षी भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनामुळे. या गावातून मी तीस वर्षे, आधी बसने आणि पुढे मोटारसायकलीने, बेळगावच्या उद्यमबागेत कामाला जात होतो. पन्नाशी उलटल्यावर त्याच बेळगावात मी खांद्याला पिशवी अडकवून चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागलो. गावातल्या पुष्कळांना अजून वाटते की मी नातवाला सोडायला जात होतो.

माझे काम फौंड्रीतले. आधी आराखडे काढणारा म्हणून लागलो, मग पॅटर्नच्या विभागात गेलो. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना करावा लागतो, तो वाळूत दाबून साचा घ्यावा लागतो आणि मग त्या पोकळीत रस ओतावा लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वाचकांना हे मी सांगणे म्हणजे आगाऊपणा. परंतु या धंद्यात एक पट्टी असते, तिच्याविषयी पुढे सांगायचे आहे म्हणून एवढी प्रस्तावना केली.

लहानपणी मी चित्रे काढीत असे, म्हणजे सगळीच मुले काढतात तितकीच. फरक इतकाच की मला गोष्टीपेक्षा गोष्टीतले चित्र आधी दिसे. वाचनालयात दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे असत. त्यांत दीनानाथ दलालांची चित्रे असत, रघुवीर मुळगावकरांची असत. दलालांनी 1945 साली स्वतःचाच ‘दीपावली’ अंक काढला होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी फक्त रेघ बघत असे. एवढ्या थोड्या रेघांत बाईचे लुगडे वाऱ्यावर उडते कसे, हे मला काही केल्या उलगडत नसे. एकदा धीर करून वडिलांना म्हटले, “बाबा, मला चित्रकार व्हायचंय.” वडील रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, “चित्रानं पोट भरत नाही. रेघा काढायची हौसच असली तर आयटीआयला जा. तिथं रेघांचे पैसे देतात.” मी गेलो. वडिलांचे म्हणणे खोटे ठरले असे मला आजही म्हणता येणार नाही. त्या रेघांवर बहिणींची लग्ने झाली, घरावर पत्रे जाऊन स्लॅब पडला.

गंमत अशी की चित्राने पोट भरलेली माणसे आमच्याच मातीत होती. रवी परांजपे 1935 साली बेळगावात जन्मले. के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली तिथेच शिकले आणि मुंबईला जाऊन बोधचित्रकार म्हणून मोठे झाले. शि. द. फडणीस त्याआधी दहा वर्षे, 1925 साली, निपाणीकडच्या भोज गावी जन्मले. दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या संगमाजवळचे हे गाव. मुलाच्या बुशशर्टावर मांजरे आणि शेजारच्या मुलीच्या पातळावर उंदीर, हे त्यांचे ‘मोहिनी’च्या दिवाळी अंकावरचे चित्र पाहिले नाही असा मराठी वाचक विरळा. पण ही नावे वडिलांपर्यंत कोण पोचवणार? आणि पोचली असती तरी ‘ते ते, तू तू’ हे उत्तर तयार असणार.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. माझ्या टेबलाची जागा संगणकाने घेतली. मालकांनी हिशेब चोख केला, शालही दिली. महिनाभर मी घरी बसून वर्तमानपत्राच्या कडेला बोल्टांची चित्रे काढीत होतो. तेव्हा आमच्या मंडळींनी एक दिवस चहा ठेवता ठेवता म्हटले, “अहो, हाताला सवय आहे ती रेघांची. रेघाच काढा की. फक्त आता लोखंडाच्या नकोत.”

वर्गात प्रवेश घ्यायच्या दिवशी फाटकावरच्या शिपायाने मला अडवले. “पालकांनी बाहेर थांबायचं, काका.” मी विद्यार्थी आहे हे त्याला पटवताना मलाच पटेना. वर्गातली मुले सतरा-अठराची, शिकवणारे सर एकतीस वर्षांचे. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला काका. पहिल्या महिन्यात ते माझ्या कागदावर वाकून म्हणाले, “काका, रेघ फार सरळ आहे हो!” तीस वर्षे ज्या गुणावर पगार मिळाला तो गुण त्या खोलीत दोष ठरला. आराखड्यातली रेघ आरंभापासून शेवटापर्यंत एकाच जाडीची असावी लागते. दिसणारी कड ठळक, न दिसणारी कड तुटक. माझ्या बोटांत हे इतके मुरले होते की एकदा शेळी काढताना तिचा पलीकडचा, पोटामागे लपलेला पाय मी तुटक रेघेने दाखवला. सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी येताना सुळग्यापर्यंत तो पाय डोळ्यांपुढून हलेना. जे दिसत नाही ते काढायचे नाही, हे कळायला मला एक्कावन्न वर्षे लागली.

नव्या विद्यार्थ्यांपेक्षा जुन्याला एक अडचण जास्त. नव्याला फक्त शिकायचे असते; जुन्याला आधी विसरायचे असते, आणि विसरणे हे काही कोणाच्या हातात नसते. त्यातून चाळिशीचा चष्मा. दूरचे मॉडेल पाहायला मान खाली घालायची आणि जवळचा कागद पाहायला वर करायची, अशी कसरत करताना मुले म्हणत, “काका होकार देतायत की नकार?”

अशा वेळी माणूस दाखले शोधतो. मीही शोधले. आपल्या करवीरचे बाबूराव पेंटर सुतार-मेस्त्रींच्या घरातले. लाकडावर हात बसलेला माणूस रंगाकडे आणि कॅमेऱ्याकडेही वळू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. रवींद्रनाथांनी साठी उलटल्यावर कुंचला गंभीरपणे हाती घेतला आणि 1937 साली, म्हणजे शहात्तराव्या वर्षी, ‘खापछाडा’ या आपल्याच बालकवितांच्या पुस्तकाला चित्रे दिली. आणि मला सर्वांत जवळचे वाटले ते वसंत सरवटे. ते कोल्हापुरात 1927 साली जन्मले. शिक्षण स्थापत्याचे, नोकरी सिमेंट कंपनीत, आणि चित्रकलेच्या शाळेचे तोंड न पाहता पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांतली ती बोलकी चित्रे.

पण खरे सांगायचे तर या दाखल्यांत थोडी लबाडी आहे. बाबूराव तरुणपणीच चित्राकडे वळले होते. सरवट्यांची नोकरी आणि चित्रे बरोबरीने चालली. निवृत्तीची वाट पाहत ते बसले नाहीत. आणि रवींद्रनाथ तर रवींद्रनाथच! पन्नाशीत पहिला धडा गिरवणाऱ्याला त्यांच्याकडून धीर मिळतो, हात मिळत नाही. हे मी लिहितो कारण ‘वय हा नुसता आकडा’ अशी भाषणे ऐकून कोणी नोकरी सोडू नये. माझ्या गाठीला भविष्यनिर्वाह निधी होता, शेतात खायपुरते भात होते. पोट आधी दुसऱ्या कशाने तरी भरलेले होते म्हणूनच वडिलांचे वाक्य ओलांडता आले.

आता त्या पट्टीकडे येतो.

वर्गाच्या तिसऱ्या वर्षी एका दिवाळी अंकाने मला एक कथा दिली. पावसात अडकलेल्या बसची कथा. मी पंधरा दिवस खपलो. मोठ्या कागदावर, क्रोक्विल निबने, चिनी शाईत बारीक बारीक छायारेषा मारून असा पाऊस उभा केला की सर म्हणाले, “काका, हे जमलं.” मानधन आठशे रुपये. अंक आला तो मी टपालाच्या पाकिटासकट देवापुढे ठेवला आणि मग उघडला. माझे चित्र जेमतेम तीन इंचांत छापले होते. पावसाच्या रेषा एकमेकींत मिसळून काळा गोळा झाला होता. बसची बाह्यरेषा, जी मी मुद्दाम नाजूक ठेवली होती, ती जागोजाग उडाली होती. मंडळींनी पान आडवे-उभे करून पाहिले आणि विचारले, “ही म्हैस आहे का?”

संपादकांची यात काही चूक नव्हती. पान केवढे असते ते मी विचारलेच नव्हते. दुसऱ्या वर्षी त्यांचे बोलावणे आले नाही, तेही रास्तच.

त्या रात्री माझी नजर भिंतीवरच्या जुन्या पट्टीवर गेली. लोखंडाचा रस थंड होताना आकसतो, बिडाच्या बाबतीत फुटामागे सुमारे अष्टमांश इंच. म्हणून पॅटर्न नेहमीच्या पट्टीने मापून चालत नाही. त्यासाठी आकुंचनाची वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा फूट मुळातच तेवढ्याने लांब. दिसायला ती पट्टी खोटी; पण तिच्याने केलेली वस्तू शेवटी खरी उतरते. ही पट्टी मी तीस वर्षे वापरली, निवृत्त होताना आठवण म्हणून मागून आणली, आणि छापताना चित्रही आकसते एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही! कारण मी स्वतःला सांगत होतो की फौंड्री संपली, आता कला सुरू झाली.

जुन्या लोकांना हे पाठ होते. त्या काळी रेखाचित्राचा जस्ताचा ठोकळा करीत. ठोकळा एक तर काळे छापणार नाही तर पांढरे सोडणार. मधली करडी छटा हवी तर ती रेषांनी किंवा ठिपक्यांनीच भासवायची, नाही तर हाफटोनचा ठोकळा आणि त्याला गुळगुळीत कागद. म्हणून चित्र छापील मापाच्या दीडपट-दुप्पट काढायचे आणि दोन रेषांमधली पांढरी फट किती राहील याचा अंदाज आधीच बांधायचा. ते दिवाळी अंक मी पुन्हा काढून बसलो, या वेळी भिंग घेऊन. लहानपणी ज्या थोड्या रेघांचे नवल वाटले होते ते नुसते रसिकतेचे काम नव्हते; आकसल्यावर काय उरेल याचा हिशेब त्यात होता. आज ठोकळे गेले, स्कॅनर आला, हिशेब तोच. आता मी कुठलेही काम घेतले की आधी पानाचे माप विचारतो, त्याच्या दीडपट चौकट आखतो आणि कच्चे चित्र छापील मापात लहान करून आधी मंडळींना दाखवतो. म्हैस दिसली तर पुन्हा.

दुसरे काम गावातच मिळाले. आमच्या संमेलनात मांडवाच्या कडेला पुस्तकांची दुकाने लागतात. तिथे एका लहान प्रकाशकांपुढे मी वही उघडली. माझ्या पुढे-मागे विशीतली मुले संगणकावरची चित्रे दाखवत होती. त्यांनी वही दोनदा चाळली आणि विचारले, “शेतातली माणसं काढाल?” लहान मुलांची सोळा पानांची गोष्ट होती, चित्रे आठ. नातीला घेऊन रताळी काढायला गेलेली आजी.

ही गोष्ट मला फार सोपी वाटली, कारण आमच्या आईचा जन्म रताळ्यांच्या वाफ्यांत गेला. नवरात्राच्या सुमारास तिची नखे महिनाभर लाल मातीची असत. मी तिला आठवून आठवून काढली आणि वर्ग सुटला असला तरी चित्रे घेऊन सरांकडे गेलो. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “काका, हातात खुरपं आहे, पण ती खणत नाही. फोटोला बसलीय.”

मला राग आला. माझ्या आईला मी ओळखत नाही काय? पण परतीच्या वाटेवर विचार करू लागलो तर मला तिचा चेहरा आठवत होता, आवाज आठवत होता; खणताना तिचा खांदा कुठे असे ते मात्र काही केल्या आठवेना. ती खणत असताना मी तिच्याकडे कधी पाहिलेच नव्हते. मी बांधावर बसून पाटीवर रेघा ओढीत होतो.

दुसऱ्या दिवशी मंडळींना घेऊन शेतात गेलो. त्या म्हणाल्या, “मी काही सोंग करणार नाही. खरंच काढते, तुम्ही बसा.” दोन तास त्या रताळी काढत होत्या आणि मी बांधावर होतो, पन्नास वर्षांपूर्वी बसे तसाच, फक्त आता वर बघत होतो. खणताना जोर मनगटात नसतो, कमरेत असतो. मोकळा हात वेल उचलून धरतो आणि डोळे खुरप्यावर नसून पुढच्या वेलावर असतात. बत्तीस कच्ची चित्रे झाली. त्यांतली आठ पुस्तकात गेली.

पुस्तक छापून आले तेव्हा मंडळींनी सगळी पाने पाहिली. शेवटच्या पानावर थांबून म्हणाल्या, “कंबर सासूबाईंची आहे.” थोड्या वेळाने, “हात माझा दिसतोय. मला विचारायचं तरी.” मानधनाचे सहा हजार झाले होते. त्यांनी बोटांवर तास मोजले आणि रताळी काढण्याची मजुरी जास्त पडते असे सांगितले, ते बरोबर आहे.

सध्या टेबलावर बैलगाडीची गोष्ट आहे. चाक उत्तम उतरले, आरे, धाव, कुणा, सगळे मापात. बैल येत नाही. आमच्या गल्लीत आता ट्रॅक्टर उभे असतात, म्हणून उद्या तुरमुरीला एका पाहुण्यांच्या गोठ्यात जाऊन बसणार आहे. त्यांनी सकाळी सातच्या आत यायला सांगितले आहे. नंतर जोडी कामाला जाते.