मराठी ज्यूंचा लग्नासाठी लढा
इस्रायलमध्ये ज्यूंसाठी नोंदणी विवाहाची सोय नाही. १९५३च्या कायद्याने त्यांचे लग्न आणि घटस्फोट रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, धर्मपीठाच्या हाती दिले. धर्म न पाळणाऱ्या ज्यूंना हे आजही खुपते. पण खोल जखम झाली ती कोकणातून तिकडे गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायलींना. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात ‘शनिवार तेली’ म्हणवले जाणारे हे लोक. १९६२मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला: त्यांच्यापैकी कोणी इतर ज्यूशी लग्न करणार असेल, तर आधी आईकडच्या पिढ्या तपासा. त्यांच्या ज्यू असण्यावरच घेतलेला हा संशय म्हणजे उघड अपमान होता. जेरुसलेममध्ये निदर्शने झाली. ऑगस्ट १९६४मध्ये संसदेने बेने इस्रायली पूर्ण ज्यू असल्याचे ठामपणे सांगितले आणि आदेशातून जमातीचे नाव वगळले गेले. लग्न लावण्याचा अधिकार मात्र रब्बींकडेच राहिला.