श्वासनलिकेतील नळी आणि उच्च रक्तदाब

पूर्ण भूल दिल्यावर रुग्णाचा श्वासमार्ग खुला राहावा म्हणून लॅरिंगोस्कोप या स्वरयंत्र पाहण्याच्या उपकरणाच्या साहाय्याने श्वासनलिकेत नळी बसवली जाते; तेव्हा घशातील संवेदनशील भागांवर ताण येऊन अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे संकटकाळी शरीराला सज्ज करणारी यंत्रणा, उद्दीपित होते.

परिणाम : नाडी आणि रक्तदाब एकदम वाढतात व निरोगी व्यक्तीत काही मिनिटांत पूर्ववत होतात, मात्र उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत ही वाढ अधिक तीव्र असल्याने हृदयाला रक्त अपुरे पडण्याचा किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका संभवतो.

प्रतिबंध : भूलतज्ज्ञ भूल पुरेशी खोल करतात, फेंटानिल, लिग्नोकेन किंवा एस्मोलॉल यांसारखे औषध आधी देतात आणि नळी शक्य तितक्या लवकर बसवतात.

पूर्वतयारी : ब्रिटनमधील २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भूलपूर्व तपासणीत रक्तदाब १८०/११० पेक्षा कमी असल्यास नियोजित शस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलावी लागत नाही. गंगाखेड, जिंतूर किंवा पाथरीहून परभणीला शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या रुग्णाने चालू गोळ्या आणि जुन्या नोंदी सोबत आणाव्यात व कोणतीही गोळी स्वतःहून बंद न करता भूलतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, कारण काही गोळ्या शस्त्रक्रियेच्या सकाळीही घ्याव्या लागतात, तर काही आदल्या दिवशीच थांबवल्या जातात.