जुन्या गिटारीची असल हालत

जुनी वस्तू दुरुस्तीला आली की आपल्या कारागिराच्या मनात एकच विचार असतो, ती नव्यासारखी दिसली पाहिजे. गिऱ्हाईकही तेच मागते. कपाट असो, घड्याळ असो की हार्मोनियम, घासूनपुसून, पॉलिश मारून दिले की मजुरी मिळते आणि दोन्ही पक्ष खूश. परंतु दुनियेत एक बाजार असाही आहे की जेथे असे झळकावणे म्हणजे मालाची निम्मी किंमत पुसून टाकणे होय. अमेरिकेत १९५० ते १९६५ च्या दरम्यान बनलेल्या इलेक्ट्रिक गिटारींचा हा बाजार. तेथे जुन्या गिटारीला तिच्या असल हालतीत आणणारे कारागीर आहेत, आणि त्यांच्या हुनराचा मोठा भाग हात आवरण्यात आहे. आपल्या मोटार वाइंडिंगवाल्यांनी, फ्रेंच पॉलिशवाल्यांनी आणि रेडिओ मेकॅनिक बांधवांनी हे काम समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यातील एकही क्रिया त्यांच्या हाताला परकी नाही.

वाद्यांच्या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो फैसला करण्याचे हे पान नव्हे. येथे विषय लाकूड, लॅकर, तांब्याची तार आणि सौद्यातील दियानतदारी एवढाच आहे.

प्रथम माल कोणता ते पाहू. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण त्याने १९५४ मध्ये 'स्ट्रॅटोकास्टर' नावाची गिटार बाजारात आणली. किंमत सुमारे २५० डॉलर. जानेवारी १९६५ मध्ये त्याची कंपनी सीबीएस या बड्या कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. पुढे माल घसरला अशी वाजवणाऱ्यांची भावना झाली आणि सौद्याच्या आधीच्या मालाला 'प्री-सीबीएस' हे नाव पडून त्याचा भाव वेगळा झाला. दुसरी कंपनी मिशिगनमधील कॅलामाझूची गिब्सन. तिच्या 'लेस पॉल' गिटारीचा १९५८ ते १९६० मधील लालसर-पिवळ्या छटेचा माल जेमतेम दीड हजार नग निघाला. त्या वेळी तो नीट खपला नाही. आज त्यातील चांगला नग काही लाख डॉलरला जातो.

आता असल हालत म्हणजे काय? चकाकी नव्हे. कारखान्यात जो भाग बसला तो अजून त्याच जागी आहे आणि कोणाचा हात लागलेला नाही, हा असलपणा. धडावर ओरखडे असोत, दांडीवरचा रंग अंगठ्याने घासून लाकूड उघडे पडलेले असो, पांढरा रंग लोण्यासारखा पिवळा झालेला असो, चालते. किंबहुना तेच हवे असते. त्या काळचा रंग नायट्रोसेल्युलोज लॅकरचा. त्याचा थर पातळ, काळाने पिवळा पडतो, थंडीत त्याला केसासारख्या चिरा जातात. या चिरा भरून वर नवा हात मारला तर गिटार सुंदर दिसेल; पण बाजाराचा जुना ठोकताळा असा की पुन्हा रंगवलेली गिटार असल रंगाच्या गिटारीच्या साधारण निम्म्या किमतीत जाते. जुन्या पैठणीला पुन्हा रंगात बुडवल्यावर काय उरते, ते आपण जाणतोच.

असलपणा तोंडी शब्दावर मानला जात नाही, तपासला जातो. गिटारीवर आवाज कमी-जास्त करण्याचे जे बटण असते त्याच्या खाली रेडिओत असतो तसाच व्हॉल्यूम कंट्रोल असतो. त्याच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. समजा ३०४६३२० असा आकडा आहे. पहिले तीन अंक बनवणाऱ्या कंपनीचे, पुढचे ६३ म्हणजे साल १९६३ आणि शेवटचे २० म्हणजे त्या सालातील विसावा आठवडा. गिटार १९६२ ची म्हणून विकायला आली आणि आत हा कंट्रोल निघाला, तर एक तर भाग बदललेला आहे किंवा साल खोटे आहे. त्यानंतर सोल्डर पाहतात. जुन्या सोल्डरवर मळकट राखाडी छटा येते. चकचकीत थेंब दिसला की तेथे कोणी तरी इस्त्री लावली हे जाणकाराला कळते. रंगासाठी नोटा तपासायचा जांभळा दिवा वापरतात. जुने लॅकर त्याखाली हिरवट-पिवळे चमकते, नवा रंग तसा चमकत नाही. (टिनोपाल दिलेले कापड त्या दिव्याखाली निळसर पेटल्यासारखे दिसते, तोच प्रकार.)

आपल्या कारागीर बांधवांनी खास लक्षात घ्यावी अशी बाब पुढे आहे. फेंडरच्या गिटारीची दांडी चार स्क्रूंनी धडाला जोडलेली असते. ती सोडवली की बुंध्यावर पेन्सिलीने लिहिलेली तारीख आणि पुष्कळदा कामगाराच्या नावाची अक्षरे सापडतात. टाडिओ गोमेझ नावाचा कामगार दांड्या घडवत असे. त्याची 'टीजी' ही दोन अक्षरे ज्या दांडीवर निघतात तिचे शौकीन आज जास्त पैसे मोजतात. अबिगेल यबारा या बाई १९५६ मध्ये फेंडरकडे कामाला लागल्या आणि पुढे पिकअपची तार गुंडाळण्यात त्यांचे नाव इतके झाले की त्यांच्या हाताचे वाइंडिंग लोक नावाने मागत. रोजंदारीवरच्या माणसाने पेन्सिलीने काढलेली दोन अक्षरे साठ वर्षांनी मालाचा दाखला ठरतात. आपल्याकडे किती कारागीर आपल्या कामावर कोठे तरी नाव टाकतात? आपला माल व्यापाऱ्याच्या लेबलखाली जातो. यात आम्हा व्यापाऱ्यांचाही वाटा आहे.

बिघाड झालेली गिटार आली की चांगला कारागीर आधी फोटो काढतो, मीटर लावतो आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर उचलतो. सर्वांत जास्त तक्रार पिकअपची. पिकअप म्हणजे सहा लोहचुंबकांभोवती केसाएवढ्या बारीक इनॅमल तारेचे सुमारे आठ हजार वेढे. चांगल्या पिकअपचा रोध सुमारे ६ हजार ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. फेंडरने तार थेट चुंबकांवर गुंडाळली होती, त्यामुळे हाताचा घाम आणि दमट हवा आत उतरली की चुंबकाला गंज चढतो आणि आतला वेढा खाल्ला जातो. घाईचा माणस सगळी तार कापून फेकतो आणि नवे वाइंडिंग करतो. जाणता आधी बाहेरचे टोक तपासतो. तुटलेली जागा अनेकदा तेथेच, जोडाजवळ असते. दोन-चार वेढे सोडून पुन्हा जोडले की जुने वाइंडिंग जिवंत होते. आतला वेढाच गेला असेल तर नाइलाजाने नवी तार घालतात, पण चुंबक, वरखालच्या फायबर पट्ट्या आणि सुती वेष्टणाची जोडतार जुनीच ठेवतात.

पडद्यांचेही तसेच. वाजवून वाजवून धातूचे पडदे झिजतात आणि बदलावे लागतात, त्याला इलाज नाही. परंतु फेंडरने त्या काळी पडदे वरून न ठोकता पट्टीच्या बाजूने सरकवून बसवले होते. हे माहीत नसलेल्या माणसाने पकडीने सरळ वर ओढले की शिसवाच्या कपच्या निघतात. बाजूनेच ठोकत सरकवून काढावे लागतात. ही पट्टी बहुधा ब्राझीलच्या शिसवाची असते. त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक बंदी आहे, म्हणून अशी गिटार सरहद्दीपार नेताना कागदपत्रे लागतात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्या जागी आपल्या भारतातला शिसव जाऊ लागला.

आधीच्या मालकाने केलेले उद्योग दुरुस्त करणे सर्वांत कठीण. १९७० च्या दशकात या गिटारी म्हणजे फक्त जुना माल होत्या. कोणी वर काळा रंग फवारला, कोणी जास्तीचा पिकअप बसवायला धड कोरले. असल रंगावर दुसरा रंग असेल तर तो हाताने खरवडत आठवडेच्या आठवडे खपून उतरवता येतो आणि खालचा जुना रंग मिळतो. लाकडापर्यंत खरवडून मग रंगवले असेल तर असल रंग गेला तो गेला. तेथून पुढे जे होते ते नवे काम, कितीही सफाईचे असो.

येथेच दियानतीचा प्रश्न उभा राहतो. मुद्दाम घासून, चिरा पाडून जुना दिसणारा नवा माल फेंडर कंपनी १९९५ पासून 'रेलिक' नावाने उघडपणे विकते. सांगून विकले, घेणाऱ्याने जाणून घेतले, त्यात काही गैर नाही. तेच जुने केलेले नवे बटण १९६२ च्या गिटारीला गुपचूप लावले की तो धोका झाला. धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल बाहेर काढणारे हुजूर (स.) आपल्याला ठाऊक आहेत. फिक्हमध्ये खियार-ए-ऐब म्हणून जो हक्क आहे, तो याचसाठी: लपवलेला दोष नंतर निघाला तर खरेदीदार सौदा परत करू शकतो. गिटारीच्या बाजारात चांगले दुकानदार प्रत्येक बदललेला भाग जाहिरातीतच लिहितात. पडदे नवे, एक कंट्रोल बदललेला, बाकी असल, असे लिहिले की भाव थोडा उतरतो, पण सौदा टिकतो. काढलेला जुना भाग, मग तो मेलेला का असेना, पिशवीत घालून गिटारीच्या पेटीत ठेवतात. (त्या पेटीवरच्या पिवळ्या कापडाला ते लोक 'ट्वीड' म्हणतात. ट्वीड लोकरीचे असते. हे सुती ट्विल आहे.)

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचे काम मिरजेत होते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे सितार आणि तानपुरा घडवायला सुरुवात केली, फरीदसाहेब सितारमेकर यांचे नाव त्यात अग्रभागी घेतले जाते. मिरजेच्या सितार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जुन्या घराण्यातल्या कारागिराने केलेला तानपुरा दुरुस्तीला आला तर त्याचे जुने पॉलिश उतरवण्याआधी गिऱ्हाइकाला विचारावे. बिलावर काय काढले, काय घातले, तारीख आणि आपले नाव लिहावे. आत न दिसणाऱ्या जागी पेन्सिलीनेही लिहावे. जुनी घोडी, जुनी खुंटी पिशवीत घालून परत द्यावी. गिऱ्हाईक नको म्हणाले तरी द्यावी.