तांबडं चर्च मुळात तांबडं नव्हतं

मंडळी, जुन्या गोव्यातलं बॉम जीझस चर्च तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. डोळे मिटले की काय दिसतं? तांबड्या दगडाची भली उंच भिंत. आता सांगतो ते ऐकून काहींना वाईट वाटेल. हे तांबडं रूप जेमतेम सत्तर वर्षांचं आहे.

1594 साली जेझुइटांनी बांधकाम सुरू केलं आणि 1605 मध्ये चर्चचा पवित्रीकरण विधी झाला. भिंती जांभ्याच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या चिऱ्याच्याच. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. पण अंगभर भोकं, त्यामुळे पाणी पितो. बारीक नक्षीही त्यावर टिकत नाही. म्हणून दर्शनी भागातले खांब काळ्या पाषाणाचे केले. हा पाषाण वसईहून आणला असं सांगतात. उरलेल्या भिंतीवर चुन्याचा गिलावा. पांढऱ्यावर काळं, असं ते रूप होतं. रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल आजही पांढरं आहे, ते बघा म्हणजे अंदाज येईल.

1950 च्या दशकात पोर्तुगालहून बाल्तझार कास्त्रो नावाचे स्थपती आले. इमारत आणखी जुनी दिसावी म्हणून बाहेरचा गिलावा काढून टाकला गेला. तिकडे जुन्या वास्तूंचा दगड उघडा करायची तेव्हा पद्धतच होती. पण तिकडचा पाऊस कुठे आणि गोव्याचा कुठे!

आता कोणी म्हणेल, कोकणातली चिऱ्याची घरं नाही का गिलाव्याशिवाय उभी? आहेत ना. पण ती बुटकी असतात, वर उतरतं छप्पर, पुढे पडवी. भिंतीवर पाऊस थेट येतच नाही. इथे तीन मजली सरळ भिंत, आणि तिच्यावर चार महिने मारा. दगड झिजतो, ओल आत जाते. आत काय आहे? सोनेरी वेदी आणि फ्रान्सिस झेवियरचे अवशेष. त्याखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं पाठवला, तो 1698 मध्ये बसवला.

मग परत गिलावा करायचा का? पुष्कळांना नको वाटतं. 1986 मध्ये जागतिक वारसा यादीत नाव गेलं तेव्हाही चर्च तांबडंच होतं, फोटोतही तेच. माझं विचाराल तर करावा. फोटोपेक्षा भिंत महत्त्वाची. मात्र गिलावा चुन्याचाच हवा. सिमेंट मारलं तर आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही, आणि दगड आतून कुजल्यासारखा भुसभुशीत होतो.