शेतमालाचें प्रसिद्धिपत्रक

धडगांव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत कैऱ्या सोलून, चिरून व उन्हांत वाळवून केलेला आमचूर, नंदुरबारच्या बाजारांतील लाल मिरची, नवापूरची तूरडाळ हा सारा माल दूरदूरच्या स्वयंपाकघरांत जातो. परंतु खाणाऱ्यास पिकविणाऱ्याचें नांव ठाऊक नसतें. ज्याचें नांव कोणास माहीत नाहीं, त्यास पुढचा माणूस देईल तो भाव घ्यावा लागतो. जाहिरातीस पैसा पडतो हें खरें. पण वर्तमानपत्राकडे धाडावयाच्या प्रसिद्धिपत्रकास एक कागद व थोडा विचार पुरतो.

हा मार्ग आपल्याकडे नवा नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर प्रथम निघाले, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल या समजुतीनें शेतकरी ते घेईनात. नुसता चांगला माल करून भागत नाहीं, तो लोकांस समजावून द्यावा लागतो, हा धडा त्यांतून मिळाला. पुढें १९२० सालीं किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखालीं 'किर्लोस्कर खबर' निघूं लागलें. कारखान्याच्या वार्तेबरोबर वाचकास उपयुक्त मजकूरहि त्यांत असे; म्हणूनच त्याचें पुढें मोठें मासिक झालें.

आपलीं पत्रकें नेमकीं येथेंच फसतात. अमक्यांच्या शुभहस्तें, तमक्यांच्या अध्यक्षतेखालीं, अशी पाहुण्यांची यादी आरंभीं येते आणि माल कोणता, किती व कोठें मिळेल हें शेवटच्या ओळींत राहतें. संपादकाची कात्री शेवटाकडूनच चालते. पाहुणे छापले जातात, माल कापला जातो!

याकरितां पहिल्याच वाक्यांत वार्ता सांगावी. उदाहरणार्थ, समजा असें लिहिलें: "धडगांव तालुक्यांतील ४० स्त्रियांच्या गटानें यंदा १२ क्विंटल आमचूर तयार केला असून, तो येत्या सोमवारपासून नंदुरबार येथें थेट ग्राहकांस मिळेल." कोणी, काय, किती, केव्हां व कोठें, हें सारें एका वाक्यांत आलें. दुसऱ्या परिच्छेदांत कैरी कोठली, ती कशी वाळविली व पूर्वीं काय अडचण होती तें सांगावें. तिसऱ्यांत गटांतील एखाद्या बाईचे स्वतःचे शब्द, तिच्या संमतीनें व नांवानिशीं द्यावे. शेवटीं गटाची माहिती, भाव, पत्ता व दूरध्वनिक्रमांक. एका पानाहून अधिक लिहूं नये. 'सर्वोत्कृष्ट', 'अद्वितीय' हीं विशेषणें गाळावीं. स्तुति वाचकानें करावयाची असते.

सत्याविषयीं मात्र फार जपावें. नवापूरच्या तूरडाळीस भौगोलिक मानांकन आहे. परंतु १९९९ च्या कायद्याप्रमाणें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद झाल्याखेरीज तें मानांकन स्वतःच्या मालास लावूं नये. प्रमाणपत्रावांचून 'सेंद्रिय' हा शब्दहि लिहूं नये. पावसांत पथारीवरची मिरची भिजून माल कमी झाला असेल, तर कमीच सांगावा. पत्रकावर विसंबून एखादा ग्राहक शंभर कोस चालून आला आणि त्यास माल मिळाला नाहीं, तर पुढच्या वर्षीं तो येणार नाहीं व संपादकहि आपलें पत्रक बाजूस ठेवील.

पत्रक चार-पांच दिवस आधीं धाडावें, त्यावर तारीख घालावी, सोबत कामाचें एक स्वच्छ छायाचित्र जोडावें आणि वार्ताहराचा दूरध्वनि आल्यास उत्तर देणारा माणूस नेमून ठेवावा. लिहून झाल्यावर तें घरांतील शाळकरी मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें. माल कोठें मिळेल हें त्यास सांगतां आलें, तर पत्रक साधलें. न आलें, तर पुन्हां लिहावें.

बी पेरण्यापूर्वीं आपण तें निवडून घेतों. आपल्या नांवानें बाहेर जाणारा शब्दहि तसाच निवडून घ्यावा, एवढीच विनंति.