परसातील नळाचे पाणी : पिण्यास कितपत सुरक्षित?

बेळगावच्या वडगावसारख्या दाट वस्तीच्या उपनगरात एका आवारात अनेक बिऱ्हाडे नांदतात आणि परसातील एकच नळ सर्वांच्या वाट्याला येतो. त्यावर झाडे शिंपली जातात, भांडी घासली जातात आणि खेळून दमलेली मुले तेथेच ओंजळ लावतात. पाणी महापालिकेचेच असल्याने ते घरातील नळाइतकेच शुद्ध, असा समज त्यामागे असतो. तो अर्धाच खरा आहे.

बेळगावला राकसकोप जलाशय आणि हिडकल धरणातून मिळणारे पाणी शुद्ध करून सोडले जाते. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू आढळू नयेत. प्रश्न आहे तो पुढच्या काही फुटांचा.

दोष कोठे शिरतो?

पहिला धोका खंडित पुरवठ्याचा. पाणी बंद झाले की वाहिनीतील दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांतून आसपासचे सांडपाणी आत ओढले जाते. हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास आणि खंडित पुरवठ्याच्या भागांची तुलना झाली, तेव्हा खंडित पुरवठ्याच्या नळांवर दूषित नमुने कितीतरी अधिक आढळले.

दुसरा धोका रबरी पाइपचा. त्याचे टोक बादलीत, हौदात किंवा चिखलात बुडलेले असताना दाब उतरला, तर ते पाणी उलट वाहून नळात आणि तेथून सामाईक वाहिनीत जाऊ शकते. एका घराचा निष्काळजीपणा असा साऱ्या आवाराला भोवतो. शिवाय उन्हात तापलेल्या पाइपमध्ये साचलेल्या पाण्यातील क्लोरीन उडते आणि आतल्या बुळबुळीत थरात जिवाणू वाढतात. बागेच्या पाइपला तोंड लावून पाणी पिऊ नये, ते यासाठीच.

तिसरा मुद्दा स्रोताचा. गोव्यात परसातील नळ अनेकदा विहिरीच्या पंपाला जोडलेला असतो. कूपनलिकेचे असो वा विहिरीचे, त्या पाण्यात आपण घातल्याशिवाय क्लोरीन नसते. शौचालयाची टाकी जवळ असल्यास पावसाळ्यात धोका वाढतो.

काय करावे?

• नळ कोणत्या स्रोताला जोडला आहे, हे आधी विचारून घ्यावे.
• पाणी आल्यावर पहिली धार झाडांना द्यावी. स्वच्छ धार आल्यावरच पिण्याचे पाणी भरावे.
• पाणी भरण्यापूर्वी रबरी पाइप काढावा. एरवीही त्याचे टोक पाण्यात बुडू देऊ नये.
• उलट प्रवाह रोखणारी झडप प्लंबरकडून बसवून घ्यावी. खर्च सर्व बिऱ्हाडांनी वाटून घेतल्यास तो जड जात नाही.
• शंका असल्यास पाणी खळखळ उकळून, झाकून ठेवावे. उकळल्याने जंतू मरतात. जुन्या पितळी तोटीतून उतरणारे शिसे मात्र जात नाही. म्हणून रात्रभर नळात थांबलेले पाणी आधी सोडून द्यावे.
• ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. रंग न आल्यास आरोग्य कर्मचाऱ्यांना कळवावे.

पाणी नितळ दिसते, वासही येत नाही, एवढ्यावर विसंबू नये. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि अतिसाराचा पहिला फटका पाच वर्षांखालील बालकांनाच बसतो. सामाईक नळाची देखभाल कोणा एकाची नसते. म्हणूनच ती कोणीच करत नाही. आवारातील बिऱ्हाडांनी महिन्यातून एकदा पाळी लावून घेतली, तरी बराच धोका टळेल.