रक्तातली पूरक प्रथिने : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रतिकारशक्ती म्हटली की पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडे आठवतात. पण रक्तद्रवात आणि पेशींच्या पृष्ठभागावर मिळून तीसहून अधिक प्रथिनांची आणखी एक यंत्रणा अहोरात्र जागी असते : पूरक प्रणाली, म्हणजेच कॉम्प्लिमेंट. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात (एनसीसीएस) डॉ. अरविंद साहू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अनेक वर्षे अभ्यास केला. तिच्याबद्दलचे चार समज तपासून पाहू.

गैरसमज १ : प्रतिपिंडांशिवाय ही प्रथिने काहीच करू शकत नाहीत.

वस्तुस्थिती : प्रणाली सुरू होण्याचे तीन मार्ग आहेत. त्यांतल्या पर्यायी मार्गाला प्रतिपिंडे लागतच नाहीत. सी३ हे मुख्य प्रथिन रक्तात संथपणे, पण सतत सक्रिय होत असते. समोर जंतूचा पृष्ठभाग आला की ही संथ क्रिया झपाट्याने वाढते.

गैरसमज २ : यातली एन्झाइम सदैव तोडायला सज्ज असतात.

वस्तुस्थिती : तसे असते तर आपल्याच पेशी वाचल्या नसत्या. ‘फॅक्टर डी’ या एन्झाइमचे क्रियाकेंद्र एरवी मुडपलेले, निष्क्रिय असते. सी३बीला, म्हणजे कापलेल्या सी३च्या मोठ्या तुकड्याला, चिकटलेला ‘फॅक्टर बी’ भेटला, तरच ते नीट जुळते आणि त्याला कापते. त्यातून सी३ला कापणारे ‘सी३ कन्व्हर्टेज’ बनते. तेही सुमारे दीड मिनिटात निम्मे विखुरते आणि सुटलेला भाग पुन्हा जोडला जात नाही. सी३ची रचना २००५ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या शास्त्रज्ञांनी उलगडली. कापले गेल्यावर सी३चा आकार आमूलाग्र बदलतो, आत दडलेला रासायनिक बंध उघडा पडतो आणि रेणू जवळच्या पृष्ठभागाला कायमचा चिकटतो. इथे नियंत्रण आकारातच आहे.

गैरसमज ३ : प्रतिकारशक्ती जितकी तीव्र, तितके आरोग्य चांगले.

वस्तुस्थिती : हल्ला थांबवणारी प्रथिने तितकीच मोलाची आहेत. ‘फॅक्टर आय’ हे एन्झाइम सी३बीचे तुकडे करून ते निकामी करते, पण त्यालाही ‘फॅक्टर एच’सारखा साथीदार लागतो. पीएनएच या आजारात तांबड्या पेशींवरची सीडी५५ आणि सीडी५९ ही संरक्षक प्रथिने नसतात, म्हणून स्वतःचीच पूरक प्रणाली त्या फोडते.

विषाणूंनीही हा लगाम हेरला आहे. देवीच्या विषाणूचे ‘स्पाइस’ हे प्रथिन ‘फॅक्टर आय’ला मदत करून मानवी पूरक प्रणाली रोखते. देवीच्या लशीत वापरलेल्या व्हॅक्सिनिया विषाणूच्या तशाच प्रथिनाहून ते केवळ ११ अमिनो आम्लांनी वेगळे आहे, तरी कितीतरी पटींनी प्रभावी. त्यांतली नेमकी कोणती अमिनो आम्ले हा फरक घडवतात, हे पुण्याच्या गटाने २००८ मध्ये दाखवले.

गैरसमज ४ : रेणूंच्या आकाराचा अभ्यास रुग्णाच्या काय कामाचा?

वस्तुस्थिती : १९९६ मध्ये अमेरिकेत जॉन लॅम्ब्रिस यांच्या प्रयोगशाळेत साहू आणि सहकाऱ्यांनी सी३ला चिकटून त्याचे तुटणे थांबवणारा छोटा पेप्टाइड शोधला : कॉम्पस्टॅटिन. त्यातूनच विकसित झालेल्या पेगसेटाकोप्लान या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत पीएनएचसाठी मान्यता मिळाली. मात्र पूरक प्रणाली रोखली की मेनिंगोकोकससारख्या जिवाणूंचा धोका वाढतो. म्हणून अशा उपचारांआधी लसीकरण केले जाते, आणि उपचारादरम्यान ताप आला तर रुग्णाने तो अंगावर न काढता लगेच डॉक्टरांना गाठायला हवे.